शतावरीची चुलतबहीण

कुवेतमधल्या दुसऱ्या वर्षी, मार्च सरता सरता मला खोकला लागला आणि तो जाईचना. सर्दी नाही, ताप नाही, कफाचा टिपूस नाही. नुसता कोरडा ठसका. बोलायला तोंड उघडलं की घशात कुसळ अडकल्यासारखं व्हायचं आणि मग पाणी पिईपर्यंत वाक्य पुरं होत नसे.

मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे माणसं खोकतात ती छातीत घरघर वाजवून, चार बेडके टाकून मोकळी होतात. काहीच बाहेर न पडणारा खोकला मी आधी पाहिला नव्हता. पण आमच्याकडची हवाही अशी नव्हती. बनेद अल-गारमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. समुद्र इतका जवळ की गच्चीवरून दिसायचा, आणि तरी चादर वाळत घालताना दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं टोक सुकलेलं असायचं. वसंतात धुळीची वादळं यायची. तिथले लोक त्याला 'तूझ' म्हणतात. खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबली तरी सकाळी ताटांवर बोट फिरवलं की रेघ उठायची. त्यात खोलीतला एसी दिवसभर घरघरत, हवेत असलेली थोडीफार ओलही शोषून घ्यायचा.

मी एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होते, फिजिओथेरपीच्या विभागात. त्यामुळे तपासण्यांची कमतरता नव्हती. छातीचा फोटो स्वच्छ आला, रक्त स्वच्छ आलं. एका डॉक्टरांनी सिरप दिलं, त्यानं मला ड्यूटीवर उभ्या उभ्या झोप यायला लागली. दुसऱ्यांनी सांगितलं, "सिस्टर, इथली हवा आहे. होईल सवय." नवरा रिफायनरीत इंजिनिअर. त्याची बस पहाटेच यायची आणि आदल्या रात्री माझ्या खोकल्यानं त्याची झोप मोडलेली असायची. तो काही बोलत नसे, पण एकदा उशी घेऊन बाहेरच्या सोफ्यावर जाऊन झोपला तेव्हा मला रडू आलं.

आमच्या विभागात त्या काळात दोन चिनी डॉक्टर आले होते. सुया टोचून उपचार करायचे. त्यातली एक बाई होती, पन्नाशीची, कानाखाली कापलेले केस, पायात काळे कापडी बूट. तिचे पेशंट म्हणजे गुडघे धरलेल्या कुवेती म्हाताऱ्या. त्यामुळे ती इंग्रजीआधी अरबी शिकली. मलाही हॉस्पिटलपुरती अरबी येत होती. दुखतं, दुखत नाही, इकडे वळा, श्वास घ्या, उद्या या. आम्ही दोघी त्याच भाषेत बोलायचो. आमच्या दोघींच्या अरबीला व्याकरण नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एके दिवशी मी पडद्याच्या अलीकडे गाद्यांवरच्या चादरी बदलत होते आणि खोकत होते. पलीकडून तिचा आवाज आला, "यबिस." म्हणजे कोरडं. मग पडदा सारून ती बाहेरच आली. "बलगम?"

"माकू," मी म्हटलं. माकू म्हणजे नाही. कुवेतमध्ये पाऊल ठेवलेला माणूस पहिल्या आठवड्यात हा शब्द शिकतो. आणि बलगम तर आपण हिंदीतही म्हणतो. कफाला एकच शब्द अरबांना, हिंदुस्थान्यांना आणि आता या चिनी बाईलाही पुरत होता, याची मला गंमत वाटली.

तिनं मला खुर्चीवर बसवलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. मग दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, बराच वेळ. तहान लागते का, रात्री तळपाय तापतात का, शौचाला कडक होते का. तिन्हीला मी हो म्हटलं. तिच्या तोंडावर एक लहानसं समाधान दिसलं, शब्दकोड्यातलं घर भरल्यावर दिसतं तसं.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदाची पुडी आणली. आत बोटाएवढी, पिवळट तपकिरी, अर्धवट पारदर्शक अशी मुळं होती, हाताला किंचित चिकटणारी. तिनं नाव सांगितलं ते मला 'थ्येन-तुंग' असं ऐकू आलं. पुढे कितीही प्रयत्न केला तरी तिच्यासारखं म्हणता आलं नाही. एक मूळ तिनं कोमट पाण्यात आधीच भिजवून आणलं होतं. ते नखानं उभं चिरून तिनं आतली दोऱ्यासारखी शीर हलक्या हातानं ओढून काढली आणि फेकली. हे खायचं नाही. बाकीचं नासपतीच्या फोडींबरोबर आणि नबातबरोबर, म्हणजे आपल्या खडीसाखरेबरोबर, मंद आचेवर उकळायचं आणि ते पाणी दिवसातून दोनदा घ्यायचं.

पुडी माझ्या हातात देण्याआधी मात्र तिनं ती मागे ओढून धरली. "सर्दी आली, बंद. बलगम आला, बंद. पोट बिघडलं, बंद. खोकला गेला तरी बंद." प्रत्येक 'बंद'ला तिनं हवेत झाकण लावल्यासारखा तळवा खाली आणला. मी चारही गोष्टी तिला परत म्हणून दाखवल्या तेव्हा कुठे पुडी सोडली.

आमच्या विभागात एक मल्याळी सिस्टर होती. ती पण त्या दिवसांत खोकत होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि स्वतःसाठी मागितलं. चिनी बाईंनी तिच्या पाठीला कान लावला, आत कफ वाजत होता, आणि मान हलवली. "तुला नाही. तुझ्या आत पाणी आहे, वर आणखी पाणी कशाला?" सिस्टरला ते पटलं नाही. आपल्याला मुद्दाम डावललं असं तिला वाटलं आणि पुढचे काही दिवस ती आम्हा दोघींशी कामापुरतंच बोलत होती. तिला बाईंनी नुसतं आल्याचं गरम पाणी सांगितलं होतं, ते तिनं अर्थातच घेतलं नाही.

माझा खोकला उतरला. पहिल्या आठवड्यात घसा ओला राहायला लागला, मग ठसका विरळ झाला, मे महिन्यात मला आठवलं की आपण खोकत नाही. त्या मुळानं गेला, का धुळीचा मोसम संपला म्हणून गेला, हे मी तेव्हाही छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते, आजही नाही. उरलेली मुळं मी एका बरणीत घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि विसरून गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. भाऊ मुंबईत, अण्णा चिपळूणला एकटे. चुलीवर काय शिजवतात, शिजवतात की नाही, कळायला मार्ग नव्हता. नवराच म्हणाला, "हिवाळ्यात इथली हवा बरी असते. बोलावून घे त्यांना."

अण्णा वैद्य होते. त्यांचे वडीलही वैद्य. एके काळी ओसरीवर माणसं बसायला जागा नसायची. पुढे गावात इंजेक्शन देणारे डॉक्टर आले, मग सरकारी दवाखाना झाला, आणि अण्णांकडे बाळंतिणी आणि म्हातारेच तेवढे उरले. आई आजारी पडल्यावर त्यांनी तेही बंद केलं. विमानतळावर काचेपलीकडे ते दिसले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. कोट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा. प्रवास झालाय, म्हातारे झालेत, दुःख आहे, अशी कारणं मनात आपोआप जमत गेली.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना बरणी सापडली. मी ड्यूटीवरून आले तर ते स्वयंपाकघरात उभे, एक मूळ दातांत धरून डोळे मिटलेले.

"ही शतावरी नव्हे," ते म्हणाले. "पण शतावरीची चुलतबहीण खास. कुठून आणलीस?"

मी सगळं सांगितलं. खोकला, तपासण्या, चिनी बाई. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बारीक झाला.

"एवढा खोकला झाला, मला का नाही गो कळवलंस?"

"तुम्ही काळजी करत बसला असता."

"वैद्याची लेक औषधाला चीनला गेली," ते म्हणाले आणि बरणीचं झाकण लावून टाकलं. मलाही कसंतरी झालं. खरं तर मला अण्णांची आठवण झालीच नव्हती, वैद्य म्हणून. त्यांनी दवाखाना बंद केला तेव्हाच माझ्या मनात तो बंद झाला होता. हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

पण कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. दोन दिवसांनी विचारलं, "ती बाई नाडी बघते म्हणालीस ना? किती बोटांनी?" मी म्हटलं, तीन. "तीनच ना!" पुन्हा दोन दिवसांनी, "जीभ कशास बघते?" शेवटी मीच चिनी बाईंना शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं.

त्या आल्या, चहाचा एक डबा घेऊन. अण्णांनी धोतर आणि स्वच्छ सदरा घातला होता, आणि सामानातून एक कापडी थैली काढून ठेवली होती. त्यात चिपळूणहून आणलेली वाळलेली शतावरी होती. त्यातली थोडी त्यांनी सकाळीच भिजत घातली होती, बरणीतल्या दोन मुळांसकट. जेवणं झाल्यावर त्यांनी एका ताटलीत ती ठेवली, शेजारी बरणीतली मुळं ठेवली आणि ताटली बाईंपुढे सरकवली. बाईंनी शतावरीचा तुकडा उचलला, वास घेतला, चावला. अण्णांनी त्यांच्या मुळाचा चावला. दोघंही एकमेकांकडे बघत चघळत राहिली. मग अण्णांनी भिजवलेल्या शतावरीचं एक मूळ घेतलं, नखानं उभं चिरलं आणि आतला दोरा ओढून काढला. बाईंच्या तोंडून "आ!" असा आवाज निघाला. त्यांनी स्वतःचं मूळ घेतलं आणि अगदी तसाच दोरा काढून अण्णांच्या दोऱ्याशेजारी ठेवला. चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून मी अण्णांना ओसरीवर बसून हे करताना पाहिलं होतं, आणि बाईंनी मला तेच शिकवलं तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"आता विचार तिला," अण्णा मला म्हणाले. "कोणाला द्यायचं ते नंतर. कोणाला द्यायचं नाही ते आधी."

मी माझ्या मोडक्या अरबीत विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला. छातीवर हात फिरवून घरघर असा आवाज काढला, बलगम असेल त्याला नाही. अंगाभोवती शाल ओढल्याचं दाखवलं, नुकतीच थंडी बाधली असेल त्याला नाही. मग पोटावर हात ठेवून खाली नेला, पोट ढिलं असेल, खाल्लेलं अंगी लागत नसेल, त्याला तर मुळीच नाही.

अण्णा हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "अगदी तेच गो! गोड, थंड, ओशट, जड. ज्याचा अग्नी मंद त्यानं या वाटेला जाऊ नये. माझे वडील मला हेच सांगत."

ते काय म्हणतात असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, ते म्हणतात तुमचं आणि त्यांचं पुस्तक एकच आहे.

"पुस्तक वेगळं," त्या म्हणाल्या. "पोट एकच."

मग नाडीचा खेळ सुरू झाला. आधी अण्णांनी त्यांची पाहिली आणि सांगितलं की झोप कमी आहे आणि डावा खांदा दुखतो. बाईंनी खांद्याचं मान्य केलं. सुया टोचून टोचून दुखतो म्हणाल्या. मग त्यांनी अण्णांचं मनगट धरलं. आम्ही सगळे अजून हसतच होतो. नवरा चहा ओतत होता. बाईंचं हसू मात्र हळूहळू गेलं. त्यांनी दुसरं मनगट मागितलं. मग मला म्हणाल्या, "विचार, जुलाब होतात?"

मी विचारलं.

"माकू," अण्णा स्वतःच म्हणाले, ठणकावून. हा एकच अरबी शब्द ते शिकले होते.

बाईंनी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. अण्णांनी शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढली. फिकट, फुगलेली, कडांवर दातांचे ठसे, वर पांढरा जाड थर. बाईंनी अंगठ्यानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि मला जवळ बोलावलं. आत लाली म्हणून नव्हती. एवढं वाचायला चिनी वैद्यक लागत नव्हतं. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

बाईंनी बरणी उचलून उजेडात धरली. तळाशी थोडी मुळं राहिली होती. "तू घेतेस?"

"नाही. उन्हाळ्यापासून नाही."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा ताटलीकडे बघत होते. "अधूनमधून एखादं चघळत होतो," ते म्हणाले. "शक्ती येते म्हणून."

मी भाषांतर केलं नाही, गरजही नव्हती. बाईंनी बरणी सरळ आपल्या पिशवीत टाकली. "तुम्हाला नाही," त्या अण्णांकडे बघून म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट मल्याळी सिस्टरला म्हणाल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी हळू म्हणाल्या, आणि तेच अण्णांना जास्त लागलं असावं. एका वैद्यानं दुसऱ्या वैद्याला, त्याच्याच लेकीच्या घरी. नवऱ्यानं रिकामे कप गोळा करायला घेतले.

मग बाईंनी पातेल्यातल्या भाताकडे बोट दाखवलं. थोडा तांदूळ, पुष्कळ पाणी, खूप वेळ उकळायचं, किंचित मीठ, असं हातवाऱ्यांनी सांगायला लागल्या.

"अगो, पेज सांगत्ये ती!" अण्णा म्हणाले आणि कोंडी फुटली. जाताना बाई दारात माझा हात धरून म्हणाल्या, "मुळानं, सुयांनी होणार नाही. आधी हॉस्पिटल. रक्त बघा, शौच बघा. उद्याच."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "पहाटे मी बससाठी उठतो ना, तेव्हा अण्णांच्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात संडासच्या. मला वाटलं, वय आहे."

"केव्हापासून आहे हे?" मी अण्णांना विचारलं.

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये परभणीकडचा एक टेक्निशियन होता. त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन करून खाली बोलावलं. अण्णा माझ्या विभागातच बसले होते, त्यांनाही घेऊन गेले. रक्त फारच कमी होतं. मग तो सूक्ष्मदर्शकावरून बाजूला झाला आणि म्हणाला, "काका, बघायचंय?"

अण्णांनी चष्मा काढला, वाकून एक डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. "ही पारदर्शक अंडी?"

"होय. आतड्याला चिकटून रक्त पितो तो कृमी, त्याची. अनवाणी चालणाऱ्यांना होतो, पायातून शिरतो. इथे फार बघायला मिळत नाही, पण आपल्याकडून येणाऱ्यांत सापडतो. गोळ्यांनी जाईल, काका. घाबरू नका."

"मी घाबरलो नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळा लावला. "माझ्या परसातले आहेत हे."

गोळ्या झाल्या, लोहाची औषधं सुरू झाली. चिनी बाई अधूनमधून विभागात विचारायच्या, "बाबा? पेज?" मी मान डोलवायचे. तीन-चार आठवड्यांत अण्णांच्या फेऱ्या थांबल्या. मग एके दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. त्यांच्या ओठांवर रंग आला. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले की आम्ही समुद्राकाठी फिरायला जायला लागलो. आधी ते कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, जाऊन धापा टाकायचे, आता माझ्या पुढे चालायचे.

अशाच एका संध्याकाळी आम्ही कठड्यावर बसलो होतो. थंडी होती, समोर मासेमारीच्या लाकडी होड्या नांगरलेल्या होत्या. मी म्हटलं, "आता बरं वाटतंय ना, अण्णा?"

"वाटतंय," ते म्हणाले. "तेच तर."

"तेच तर काय?"

"अगो, मला वाटलं होतं तुझी आई गेली म्हणून मी असा झालोय. अन्न जात नाही, पायात बळ नाही, दुपारी डोळ्यांपुढे काळोख. मनात म्हटलं, ठीक आहे. चाललोय तिच्यामागून, हळूहळू. कोणास सांगण्यासारखं त्यात काय आहे? आणि निघाले काय, तर जंत."

मला हसू आलं आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर ते गिळावं लागलं. ते चिडलेले होते. खरोखर चिडलेले.

"म्हणजे दुःखानं मला काहीच झालं नाही का गो?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं मी ते दुःख समजून सांभाळलं. अंगात बळ आलं तशी भूक लागते, पेपर वाचावासा वाटतो. काल तुझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर वाद घातला. तिच्यावाचून मी असा ठणठणीत बसलोय."

हॉस्पिटलात नातेवाइकांना सांगायची वाक्यं मला पाठ होती, त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मग ती मुळं का खात होता? जुलाब होत असताना चालत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं."

"तुझ्या आईला शेवटी शेवटी तेवढंच जायचं," ते म्हणाले. "शतावरी दुधात शिजवून. रोज सकाळी मी ओसरीवर दोरे काढत बसायचो. वाटी नेऊन दिली की ती आधी मला चाखायला लावायची, गोड झालंय का बघा म्हणून. ती गेली आणि मी घरात शतावरी करणंच सोडलं. इथे तुझ्या फळीवर ते मूळ दिसलं, दातांत धरलं, तर तीच चव." त्यांनी उपरणं गळ्याभोवती नीट गुंडाळलं. "औषध म्हणून नव्हतो खात."

थंडी बोचायला लागली तेव्हा तेच उठले.

पुढे कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की त्या संध्याकाळी त्यांना सांगायला हवं होतं, की जंत गेले तरी दुःख गेलेलं नाही, ते वेगळं आहे आणि शाबूत आहे. पण ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. कारण पुढच्या काही दिवसांत ते आईबद्दल बोलायला लागले, जे त्यांनी दोन वर्षांत केलं नव्हतं. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही आणि ती तो माझ्याकडून ओवून घ्यायची, मग माझ्या मागे म्हणायची की लेकीला अजून टाका घालता येत नाही. असं काहीबाही. नवऱ्यालाही सांगायचे. जेवताना सांगता सांगता हसायचे, आणि कधी कधी मध्येच थांबून पाणी प्यायचे.

धुळीचा मोसम सुरू व्हायच्या आत ते परत गेले. जाण्याआधी त्यांनी चिनी बाईंना थैलीतली उरलेली शतावरी दिली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. पुढच्या वर्षी बाईंचीही मुदत संपली आणि त्या मायदेशी गेल्या. त्यांच्या भाषेत मला पत्र लिहिता येत नव्हतं आणि आमची अरबी लिहिण्याजोगी नव्हती. त्यामुळे त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मल्याळी सिस्टर त्यांच्या निरोपाला केक घेऊन आली होती. तिचा खोकला मात्र त्या मागल्या वसंतात जो लांबला, तो तिनं स्वतःच कुठूनतरी ज्येष्ठमधाच्या, म्हणजे पुन्हा ओल वाढवणाऱ्याच, वड्या आणून खाल्ल्यामुळे लांबला, असं ती आता आम्हालाच सांगत होती.

माझा खोकला दर वर्षी तूझबरोबर थोडाफार येत राहिला. नुसती नासपती उकळून प्यायले तरी बरंच काम व्हायचं. ऐंशी सालानंतर आम्ही रुमैथियाला राहायला गेलो, तिथे मुलगी झाली. तिला मी ते पाणी द्यायला गेले की ती इंग्रजीत विचारायची, हे औषध आहे की सरबत? मला कधीच नक्की सांगता आलं नाही.

अण्णा अजून आठेक वर्षं जगले. दवाखाना त्यांनी पुन्हा उघडला, सकाळचा, दोन तास. एका रजेत मी चिपळूणला असताना शेजारच्या गावातली एक बाई आली. बाळंतपणानंतर शक्ती येत नाही, शतावरी द्या म्हणाली. अण्णांनी नाडी पाहिली, मग तिला अंगणातल्या उजेडात नेऊन जीभ आणि डोळ्यांची पापणी पाहिली. त्यांच्या स्वतःच्या पायात रबरी चपला होत्या, तिच्या पायात काहीच नव्हतं.

"देईन," ते म्हणाले. "आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून ये."

"तुम्हीच द्या ना काहीतरी. तिथे किती वेळ जातो."

"जाऊ दे वेळ. पेज पी तोवर, आणि परसात जाताना पायात घालत जा."

ती नाराज होऊन गेली. दगडी गडग्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत अण्णा तिच्याकडे बघत होते.

"परत येईल का ही?" मी विचारलं.

"काय ठाऊक," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. माझी रजा त्याच आठवड्यात संपली, त्यामुळे ती आली की नाही ते मला कळलं नाही.